वाचक विचारतात: सोन्याच्या खाणींची रेल्वे

प्रश्न: बंगळुरूला मुलाकडे असताना बंगारपेटहून मारिकुप्पमला जाणारी लोकल बघितली. ही लाइन म्हणे कोलारचं सोनं वाहायला टाकली होती. खरंय का? आणि खाणी बंद झाल्यात तर गाडी कशी काय चालू आहे?

उत्तर: लाइन खाणींसाठीच टाकली हे शंभर टक्के खरं, पण सोनं वाहायला नाही हो! कोलारमधून 120 वर्षांत मिळून साधारण 800 टन सोनं निघालं, म्हणजे तेवढं सगळं आजच्या एका मालगाडीत सहज मावेल आणि वर डबे रिकामे उरतील. खरं ओझं होतं ते आत जाणाऱ्या मालाचं. 1880 नंतर जॉन टेलर कंपनीने मोठ्या प्रमाणात खोदकाम सुरू केलं तेव्हा पाणी उपसायला, खाणीत माणसं-माल उतरवणारा पाळणा वरखाली करायला, दगड कुटायला सगळीकडे वाफेची इंजिनं, त्यांना जळण पाहिजे, बोगद्यात टेकू द्यायला लाकूड पाहिजे, इंग्लंडहून आलेली अवजड मशिनरी वेगळीच, आणि हे सगळं मद्रास लाइनवरच्या स्टेशनापासून पुढे बैलगाडीने न्यायचं म्हणजे किती हाल. म्हणून 1894 मध्ये ही जेमतेम 16 किलोमीटरची ब्रॉडगेज लाइन झाली, मालकी म्हैसूर संस्थानची आणि गाड्या चालवायची मद्रास रेल्वे. ते स्टेशन म्हणजेच आजचं बंगारपेट, तेव्हाचं बोरिंगपेट, म्हैसूरचे कमिशनर बोरिंग यांच्या नावाचं. खाणीत राबायला आलेली तमिळ कुटुंबंही याच वाटेने आली, त्यांच्याशिवाय कोलारचा इतिहास सांगताच येत नाही.

1902 मध्ये कावेरीवरच्या शिवनसमुद्र जलविद्युत केंद्राहून जवळपास 150 किलोमीटर तारा ओढून खाणींना वीज आली, मग वाफेची इंजिनं हळूहळू मागे पडली.

पुढच्या वेळी नुसती बघू नका, बसाच त्या गाडीत आणि स्टेशनांच्या पाट्या वाचा. कोरोमंडल, ऊरगाम, चॅम्पियन, ही सगळी खाणींची नावं आहेत! त्यातली चॅम्पियन रीफ तर 3 किलोमीटरपेक्षा खोल गेलेली, जगातल्या सगळ्यात खोल खाणींपैकी एक.

28 फेब्रुवारी 2001 ला खाणी बंद झाल्या, हजारोंची रोजीरोटी गेली. गावात दुसरं काम फारसं नाही, त्यामुळे लोक पहाटे उठून याच लाइनने बंगळुरूला कामाला जातात आणि रात्री परततात. गाडी चालू आहे ती या लोकांसाठी, आणि ती बंद करायचा विचारसुद्धा कुणी करू नये असं मला अगदी मनापासून वाटतं.