कृषी सल्ला: पेंडीमिथॅलिनचा डोस, घरचा मका आणि ‘म्हातारं’ बेणं

रयत संपर्क केंद्रात (कर्नाटक कृषी खात्याच्या स्थानिक केंद्रात) आलेल्या प्रश्नांपैकी तीन इथे घेतो. पिके वेगळी आहेत, पण तिन्ही ठिकाणी गोष्ट एकाच जागी अडली आहे: पेशी कशी विभागते आणि पुढच्या पेशीला काय देते.

निपाणी: सोयाबीन उगवले, पण वाढ थांबली. मुळांची टोके फुगली. पेरणीनंतर पाचव्या दिवशी पेंडीमिथॅलिन हे तणनाशक एकरी अडीच लिटर मारले होते. दुकानदार टॉनिक मारायला सांगतो.

मुळांवरचा हा फुगवटा म्हणजे रायझोबियमच्या (नत्र धरणाऱ्या जिवाणूंच्या) गाठी नव्हेत. पेशी विभागण्याआधी तिच्यातल्या प्रत्येक गुणसूत्राची नक्कल होते. सोयाबीनच्या पेशीत 40 गुणसूत्रे असतात. मग बारीक तंतू त्या नकला दोन टोकांना ओढतात आणि मध्ये भिंत पडते. पेंडीमिथॅलिन हे तंतूच तयार होऊ देत नाही. नक्कल होते, वाटणी होत नाही, पेशी नुसती फुगते. तण मरते ते असेच. डोस वाढवला आणि वेळ चुकवली की सोयाबीनचीही तीच गत होते.

पेंडीमिथॅलिन 30 टक्के ईसी (पाण्यात मिसळायचे द्रव) असेल तर एकरी 1 ते 1.3 लिटर, 200 लिटर पाण्यातून, ओल असताना, पेरणीनंतर 48 तासांच्या आत. पाचव्या दिवशी कोंब मातीच्या तोंडाशी आलेला असतो, तेव्हा मारायचे नाही. 38.7 टक्केवाल्या डब्याचा डोस वेगळा आहे. डब्यावरची कानडी वाचायला अडत असेल तर डबा घेऊन केंद्रात या, दुकानदाराला विचारू नका. ‘जरा जास्त घाला, तण राहणार नाही’ हे त्याचे वाक्य दरवर्षी ऐकतो आणि दरवर्षी अशी शिवारे बघतो.

टॉनिक मारू नका. त्यात बहुधा गिबरेलिक (वाढीचे संप्रेरक) असते आणि ते मुख्यतः पेशी लांबवते. अडलेली वाटणी त्याने सुटत नाही, उलट पीक उंच होऊन लोळते. आठ दिवस थांबा, वाफसा आला की हलकी कोळपणी करा. पांढरी नवी मुळे फुटलेली दिसली तर पीक सावरेल. ज्या ओळी गेल्या तिथेच पुन्हा टोकण करा.

खानापूर: गेल्या वर्षीच्या संकरित मक्याची चांगली कणसे राखून पेरली. आता एक ताट कमरेला, एक डोक्यावर. बियाणे बिघडले काय?

बियाणे बिघडलेले नाही, संकर सुटला. तुरा आणि कणसात जी बीजपेशी बनते ती साध्या विभाजनाने नव्हे, अर्धसूत्री विभाजनाने. मक्याची 20 गुणसूत्रे निम्मी होऊन 10 उरतात, आणि निम्मी होण्याआधी जोडीतली गुणसूत्रे आपसात तुकडे बदलतात. पत्ते पिसून वाटल्यासारखा प्रत्येक दाण्याला वेगळा डाव येतो. पिशवीतला पहिला संकर एकसारखा असतो, त्याच्या कणसातला दाणा नसतो. म्हणून संकरित मका दरवर्षी नवाच घ्यायचा. हा मका वैरणीला काढा. ‘निवडक दाणे’ म्हणून सुटा मका विकणाऱ्याकडून तर काहीच घेऊ नका.

सोयाबीनचे मात्र उलटे, आणि इथे मी आग्रह धरतो: घरचे बियाणे ठेवा. त्याचे फूल स्वतःच्याच परागाने फळते. आईबाप एकच, वाटण्यात फरक नाही, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या वाण टिकतो. डीएसबी 21 सारखा तांबेरा सोसणारा वाण एकदा मिळाला की पुढची तीन वर्षे तोच पेरा. मळणीचा वेग कमी ठेवा, साल पातळ असते. पोत्यांची थप्पी चार-पाचांपेक्षा उंच करू नका. पेरणीआधी 100 दाणे ओल्या गोणपाटात ठेवा. 70 उगवले तर एकरी 30 किलो पुरते, कमी उगवले तर बियाणे वाढवा. विकत घ्यायचेच असेल तर सवलतीचे केंद्रात मिळते, फ्रूट्स आयडी (कर्नाटकातला शेतकरी नोंदणी क्रमांक) आणि आधार आणा.

चिकोडी: 86032 या उसाच्या वाणाचे बेणे (लागणीच्या कांड्या) म्हातारे झाले का? खोडव्यात (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात) गवतासारखे फुटवे येतात. दुकानदार म्हणतो, कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक दुप्पट करून त्यात कांड्या बुडवा.

वाण म्हातारा होत नाही. कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेत निवडलेल्या एका रोपाच्या त्या नकला आहेत. डोळ्यातून येणारा कोंब साध्या विभाजनाने येतो, म्हणून तुमच्या फडातली गुणसूत्रे मूळ रोपाचीच. साचत जातो तो रोग. गवताळ वाढ आणि खोडवा खुजा राहण्याचा रोग बेण्याच्या रसातून पुढच्या फडात जातात. खुजा रोग तर कोयत्यानेही पसरतो.

कार्बेन्डाझिम बुरशीच्या पेशीतली हीच तंतूंची वाटणी थांबवते. गवताळ वाढ बुरशीने होत नाही, मग दुप्पट करा नाहीतर चौपट, उपयोग शून्य. शिवाय जास्त वापराने बुरशीच औषधाला सरावते. बुरशीसाठी 100 लिटर पाण्यात 100 ग्रॅम, दहा-पंधरा मिनिटे, बस्स.

गवताळ बेट दिसले की मुळासकट उपटून जाळा. त्या फडाचे बेणे घेऊ नका, शेजाऱ्यालाही देऊ नका. खोडव्याचे बेणे तर कधीच नको. 50 अंशांच्या पाण्यात 2 तासांची प्रक्रिया असते, पण ती यंत्रावर. घरी कढईत पाणी तापवून कराल तर डोळे शिजतील. बेणेमळा वेगळा ठेवा, उष्ण प्रक्रिया केलेल्या किंवा ऊतीसंवर्धित रोपांपासून सुरू करा, 9-10 महिन्यांचेच बेणे तोडा आणि तीन वर्षांनी मूळ बेणे बदला.