कार्यशाळा, महिन्याचे किट की घरातली प्रयोगशाळा: पैसे आधी कुठे घालायचे?

एका ताईंचा प्रश्न आलाय. त्या शाळेत सहावी ते आठवीच्या चार तुकड्यांना विज्ञान शिकवतात. मिस्टरांनी दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडली आणि ११ आणि ७ वर्षांच्या दोन मुलांचं होमस्कूलिंग ते घरी बघतात, म्हणजे घर चालतं ते ताईंच्या एका पगारावर. आता पगाराची थकबाकी एकरकमी हातात आलीय आणि डोळ्यासमोर तीन गोष्टी आहेत. एक, शिक्षकांसाठीची सहा दिवसांची निवासी कार्यशाळा, जिथे प्रयोग स्वतःच्या हातानं करायला शिकवतात. दोन, मुलांसाठी दर महिन्याला घरी येणारा सायन्स किटचा बॉक्स, वर्षाचे पैसे आधी भरायचे. तीन, घरीच छोटी लॅब, मायक्रोस्कोप, टेलिस्कोप, काचेचं सामान वगैरे. त्या विचारतात, "लॅब ईएमआयवर घेऊ की इमर्जन्सी फंडातून काढू? मुलांच्या शिक्षणाचाच खर्च आहे, वाया तर जाणार नाही ना?"

ताई, हा शेवटचा प्रश्न खूप मनापासूनचा आहे आणि म्हणूनच त्यानं मला जास्त काळजी वाटली. शिक्षणासाठी म्हणून केलेला खर्च पण वाया जातो, आणि तो लवकर लक्षातही येत नाही कारण आपल्याला त्याबद्दल वाईट वाटत नाही.

तुम्ही दिलेले आकडे मी थोडे बदलून मांडते. तुमचा महिन्याचा घरखर्च म्हणजे १०० असं धरू, म्हणजे इतर वाचकांनाही आपापला हिशोब घालता येईल. तर तुमची थकबाकी १५०. इमर्जन्सी फंड ४००, म्हणजे चार महिन्यांचा खर्च. दर महिन्याला सगळं जाऊन १२ उरतात. कार्यशाळेचं शुल्क ६० आणि प्रवासाचे १५, एकूण ७५. किट दोन्ही मुलांचे मिळून वर्षाला ८४. लॅब १३०. तिन्हीची बेरीज २८९, हातात १५०. आणि तुम्ही जाता जाता एका ओळीत लिहिलंय की क्रेडिट कार्डवर ३० बाकी आहेत आणि सध्या मिनिमम भरताय. माझ्या दृष्टीनं तुमच्या अख्ख्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच.

कार्डचं व्याज महिन्याला ३ टक्के म्हणताय. चक्रवाढीनं वर्षाचं ते ४२ टक्क्यांच्या वर जातं. एवढा परतावा खात्रीनं देणारी गुंतवणूक मी आजवर बघितलेली नाही, त्यामुळे १५० मधले ३० आजच्या आज कार्डवर भरून तो विषय बंद करा. राहिले १२०. त्यातले ५० इमर्जन्सी फंडात. कारण घरात कमावणारं माणूस एकच आहे, अशा घराला चार महिन्यांचा फंड मला कमी वाटतो, सहा महिने हवेत. ५० नं ते पूर्ण होत नाहीत हे मलाही दिसतंय पण ४५० वर पोचलात की पुढचं महिन्याच्या शिलकीतून होईल. राहिले ७०, आणि शिकण्यावर खर्च करायचा तो या ७० मधून.

आता ईएमआयचं. १३० ची लॅब १४ टक्क्यांनी १८ महिन्यांसाठी घेतलीत तर हप्ता साधारण ८ बसतो आणि शेवटी १४५ भरलेले असतात. तुमची शिलकच १२ आहे, त्यातले ८ गेले तर उरले ४. सहा महिन्यांचा फंड व्हायला अजून १५० लागतात, महिन्याला १२ टाकलेत तर साडेबारा महिन्यांत होतं. हप्ता चालू असेल तर पहिल्या १८ महिन्यांत जेमतेम ७२ जमतात, मग पुढचे सहा-सात महिने अजून, म्हणजे दोन वर्षं गेली. या दोन वर्षांत पगार एकदा जरी अडकला तरी हप्ता काही थांबत नाही. म्हणून ईएमआय नको, आणि फंडाला तर हातच लावायचा नाही. लॅब बघून ज्या कोणाला असा मोह होतो त्यांना मी हेच सांगते, मायक्रोस्कोपशिवाय एक वर्ष निघतं, पण पैसे नसतील तर एक महिनाही निघत नाही.

आता तिघांत आधी काय? कार्यशाळा. हे मी नुसतं मनाला वाटलं म्हणून म्हणत नाहीये, हिशोब बघा. किटचे बॉक्स प्रत्येकाचे वर्षाला १२, एका बॉक्सवर मुलं नीट बसली तर दोनेक तास, म्हणजे वर्षाचे २४ तास आणि त्याला ८४. तासाला साडेतीन झाले. कार्यशाळेतून तुम्ही वीस प्रयोग पक्के करून आणलेत आणि ते चार तुकड्यांना एकेकदा घेतलेत तरी पहिल्याच वर्षी ८० तासिका होतात, पूर्ण ७५ तुमच्या खिशातून गेले तरी तासिकेला १ च्या आत. पुढच्या वर्षी तेच प्रयोग परत, शुल्क काही परत भरायचं नाही. आणि घरची दोन मुलं यात मी धरलेलीच नाहीत. समजा वीसातले दहाच झाले तरी किटपेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं. पण एक अट आहे, आणि इथेच बहुतेकांचे पैसे बुडतात: परत आल्यावर पंधरा दिवसांच्या आत पहिला प्रयोग वर्गात झालाच पाहिजे. मी स्वतः बघितलंय, लोक भरभरून वह्या घेऊन येतात, मग परीक्षा येतात, मग त्या वह्या कपाटात जातात. निघायच्या आधीच वेळापत्रकात तासिका राखून ठेवा.

शुल्क भरायच्या आधी आयोजकांना मेलवर काही गोष्टी विचारा आणि उत्तरं लेखी घ्या. सहा दिवसांतले किती तास प्रत्यक्ष हातात सामान असणार आणि किती तास समोर बसून ऐकायचं? सामान दोघांत एक की दहा जणांत एक? ते सामान परत गेल्यावर साध्या दुकानात मिळेल असं आहे का? काच, आच, रसायनं यांच्या सुरक्षिततेवर वेगळा वेळ आहे का? येता आलं नाही तर पैसे किती परत, कोणत्या तारखेपर्यंत? यातलं कुठलंही उत्तर गोलगोल आलं तर थांबा.

आणि शाळेला पत्र द्या. बरेच शिक्षक हे विचारतच नाहीत. शाळेनं शुल्काचा अर्धा भाग उचलला तर ३० वाचले, तुमचे गेले ४५, हातात राहिले २५. पत्रात नुसतं "मला जायचंय" असं लिहू नका, परत आल्यावर इतर शिक्षकांना दोन शनिवार शिकवीन असं लिहा, शाळेला त्यात स्वतःचा फायदा दिसला पाहिजे. आयोजकांकडे शुल्कात सवलत आहे का हे पण विचारा, त्यात कमीपणा काही नाही.

तुम्ही एक छान मुद्दा काढलाय की घरी रोज मुलांना शिकवतात ते मिस्टर, मग त्यांनी जावं का? मी यावर बराच विचार केला. मन म्हणतं त्यांनी जावं. पण शाळेची मदत फक्त तुमच्या नावावर मिळणार, शिवाय तुमच्यामुळे ते चार तुकड्यांपर्यंत जातं, म्हणून यंदा तुम्ही जा आणि आल्यावर आठवड्यातून एक संध्याकाळ तोच प्रयोग मिस्टरांच्या हातून करून घ्या, तुम्ही सांगायचं आणि हात त्यांचे. पुढच्या वर्षी पालकांना घेणारी एखादी वीकेंडची कार्यशाळा त्यांच्यासाठी.

उरलेल्या २५ मधून मायक्रोस्कोप घेता येईल, पण कोणता ते महत्त्वाचं. ७ वर्षांच्या मुलाला ४०० पटीचा कंपाउंड मायक्रोस्कोप दिलात तर त्याला स्लाइड बनवता येत नाही, फोकस सापडत नाही, आणि तो कंटाळतो. त्याच्यासाठी २० पटीचा स्टिरिओ मायक्रोस्कोप बरा, मुंगी, फूल, वाळूचे कण, काहीही थेट खाली ठेवून बघायचं. मोठ्याला पेशी बघायच्यात तर ४०० पट पुरते, कांद्याची साल, गालाच्या आतल्या पेशी, साठलेल्या पाण्यातला पॅरामिशियम हा एकपेशीय जीव, सगळं दिसतं. तुमच्या यादीतल्या १००० पटीच्या भिंगाला तेल लावून बघावं लागतं, ते घरी कोणी करत नाही, त्याचे जास्तीचे पैसे कशाला. स्टॅनफर्डमध्ये मनु प्रकाश आणि त्यांच्या टीमनं केलेला कागदी घडीचा फोल्डस्कोप (त्यांचा शोधनिबंध २०१४ चा) साधारण १४० पट मोठं दाखवतो आणि तुमच्या यादीतल्या मायक्रोस्कोपच्या तुलनेत किंमत अगदीच किरकोळ. मोठ्यासाठी सध्या तोच घ्या. आणि स्टिरिओ वापरलेला बघा, १५ पर्यंत मिळत असेल तर घ्या, भिंगावर बुरशी नाही ना एवढं उजेडात धरून तपासा. लॅबच्या हप्त्यांत जे १५ नुसते व्याजाचे जाणार होते, तेवढ्यातच हा येतोय. ओळखीत अजून एखादं होमस्कूलिंगवालं घर असेल तर दोघांत मिळून घ्या, महिना महिना वाटून.

टेलिस्कोप यादीतून काढा. स्वस्तातल्याचा स्टँड इतका हलतो की चंद्रसुद्धा टिकत नाही. १० बाय ५० ची (दहा पट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटरच्या भिंगाची) दोन डोळ्यांची दुर्बीण कुठे तरी टेकवून धरली की गुरूचे चार मोठे चंद्र दिसतात, जे गॅलिलिओनं १६१० च्या जानेवारीत बघितले तेच. शेजारीपाजारी असेल कोणाकडे तर मागून आणा.

किटचं म्हणाल तर वर्षाचे आगाऊ पैसे नका भरू. फक्त मोठ्याचा, आणि महिन्याच्या बोलीवर, वर्षाच्या बोलीवर एका मुलाचा एक बॉक्स साडेतीनला येतो, तो असा साडेचारला पडतोय तरी चालेल, दोन महिने घेऊन बघा. ९ गेले. दुसरा बॉक्स संपल्यावर बघा की त्यातलं किती सामान परत वापरता येतंय आणि मुलानं सूचनांच्या कागदाबाहेर जाऊन स्वतःचं काही केलं का. नसेल तर बंद, वर्षाचे भरले असतेत तर बंद करताच आलं नसतं. एक बघा, किटमध्ये बटन सेल किंवा छोटे ताकदवान मॅग्नेट असतील तर ते धाकट्याच्या हाताला लागू देऊ नका, गिळले गेले तर जिवावर बेततं.

४५, १५ आणि ९ मिळून ६९ झाले, त्या उरलेल्या १ मध्ये फोल्डस्कोप बसला तर बसला, नाही तर पुढच्या महिन्यात. शाळेनं नाही म्हटलं तर कार्यशाळाच ७५ ची होते, मग फंडात ५० च्या जागी ४५ टाका आणि मायक्रोस्कोप, किट दोन्ही सहा महिने पुढे ढकला.

तोवर मुलं रिकामी बसतील असं वाटत असेल तर तसं नाही होणार. कोलोरॅडो विद्यापीठाची फेट (PhET) सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचे प्रयोग, फुकट आहेत, नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी ती २००२ मध्ये सुरू केली. पण ती स्क्रीनवरची, खऱ्या वायर आणि सेलच्या जागी नाही, प्रयोगाच्या आधी डोकं तयार करायला वापरा. सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्स्प्लोरेटोरियम या विज्ञान संग्रहालयाच्या साइटवर शिक्षकांसाठी साध्या सामानातले प्रयोग आहेत, तेही फुकट. आणि पक्षी बघायला आवडत असतील तर ईबर्ड (eBird) या पक्षीनोंदींच्या साइटवर नोंदी करा, मुलांच्या नोंदी खऱ्या शास्त्रज्ञांच्या कामाला येतात म्हटल्यावर ती किती जपून मोजतात बघा. सरावाच्या सामानासाठी, म्हणजे स्लाइड, फुगे, सेल, वायर, शिलकीतल्या १२ पैकी १ दर महिन्याला बाजूला काढा, हा खर्च सगळे विसरतात आणि मग सामानाअभावी मायक्रोस्कोप पडून राहतो. फंडात मग ११ जातील, एखाद-दुसरा महिना उशीर होईल, होऊ दे.

शाळेचं पत्र या आठवड्यात द्या. लवकर नोंदणीच्या सवलतीची तारीख जवळ आली असली तरी पैसे परत मिळण्याची अट लेखी आल्याशिवाय शुल्क भरू नका, आणि कार्यशाळेचं रोजचं वेळापत्रक मिळालं की मला पाठवा, हातानं करायचे तास आपण दोघी मिळून मोजू.