साखर कारखान्यात रस निवळायला पॉलिअ‍ॅक्रिलामाइड वापरतात. अ‍ॅक्रिलामाइड विषारी, मग ही पावडर धोक्याची नाही का?

तुमचा भाऊ यंदा कारखान्यात लागला आणि पोत्यावरचं नाव वाचून घरचे घाबरलेत, असं तुम्ही लिहिलंय. मी वाळवा तालुक्यातल्या एका कारखान्यात केमिस्ट आहे. गळीत हंगामात हे पोतं रोज माझ्यासमोर फुटतं. घाबरू नका.

अ‍ॅक्रिलामाइड हा मोनोमर, म्हणजे सुटा रेणू. रेणूभार फक्त ७१. त्यात कार्बनचा एक दुहेरी बंध असतो आणि सगळा उपद्रव त्याचाच. हा रेणू कातडीतून आत शिरतो, प्रथिनांना चिकटतो. सतत संपर्क आला तर हातपाय बधिर होतात, चाल बिघडते. पॉलिमर करताना तोच बंध उघडून रेणूला रेणू जोडतात. पोत्यातल्या पावडरीत लाख-दोन लाख कड्यांच्या साखळ्या असतात. ते धूड कातडीतून जात नाही, आणि चिकटायला तो बंधही उरलेला नसतो.

मोनोमर पॉलिमर बनवणाऱ्या कंपन्यांकडे जातो, आपल्याकडे येतच नाही. आणि आला तरी उपयोग काय? भावाला लॅबमध्ये करून बघायला सांगा: चुना दिलेला गरम, गढूळ रस सिलिंडरमध्ये घ्यायचा, पॉलिमरच्या द्रावणाचे चार थेंब टाकून हलकेच उलटासुलटा करायचा. बारीक गाळ फाटलेल्या दुधासारखा गोळा होतो आणि झरझर खाली बसतो. ही करामत लांबीची आहे, एकच साखळी अनेक कणांना धरते. मोनोमर कितीही ओता, गाळ तसाच तरंगत राहील. म्हणूनच द्रावण हळू ढवळायचं. आमच्याकडे एकाने ते सेंट्रिफ्युगल पंपाने (जोरात फिरणाऱ्या पात्याच्या) फिरवत ठेवलं, साखळ्या तुटल्या, आणि अख्खी शिफ्ट क्लॅरिफायरमधून, म्हणजे रस निवळायच्या टाकीतून, गढूळ रस येत राहिला.

काळजी घ्यायची ती उरलेल्या सुट्या मोनोमरची. थोडा राहतोच. अमेरिकेच्या अन्न नियमांत साखरेच्या रसासाठी वापरायच्या पॉलिमरमध्ये तो ०.०५ टक्क्यांपर्यंतच चालतो. दहा लाख भाग रसाला ३ भाग पॉलिमर धरलं, तर रसात अब्जात दीड भाग होतो. तेवढ्यासाठी प्रत्येक लॉटचा तपासणी दाखला बघायला हवा, मी तो बघितल्याशिवाय पोतं उघडू देत नाही.

भावाला आणखी एक सांगा. पोतं ओतताना मास्क लावायचा, आणि पावडर सांडली तर तिच्यावर पाणी मारायचं नाही. शेवाळापेक्षा निसरडी होते. आधी कोरडीच झाडून घ्यायची. या पावडरीपायी आमच्याकडे माणूस जखमी झाला तो पाय घसरून, जिन्यावरून.