कोल्हापूरहून पिकअप घेऊन सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर जायचंय, फोर बाय फोर आहे, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळते. काय बघून जावं?

रिकामा हौदा हीच पहिली अडचण. मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, वजनासाठी बनवलेले, त्यामुळे रिकामी गाडी उधळते आणि चढाला मागची चाकं नुसती फिरतात. वाळूची दोन-चार पोती एक्सलच्या वर टाका, दोरीनं घट्ट बांधा. टायरमधली हवा थोडी कमी करा. डांबरीवर परतल्यावर भरायला कंप्रेसर हवाच. उताराला लो गिअर, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका.

गगनबावडा, आंबा घाटाकडं पावसाळ्यात तांबड्या मातीचं लोणी होतं, तेव्हा दिवाळीनंतरच निघा. राधानगरी-दाजीपूर हे गव्यांचं अभयारण्य, तिथं वनखात्याच्या परवानगीशिवाय चाक घालायचं नाही. मसाई पठाराच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळावर, तर गाडी फिरवूच नका, फुलं चिरडतात. आणि एकट्यानं नको, दुसरी गाडी सोबत असू दे.