ऑर्ग-मोडमधून लाटेकमध्ये जाताना संदर्भदुवे

ऑर्ग-मोडमध्ये (ईमॅक्स या संपादकातील साध्या मजकुरात लिहिण्याची पद्धत) लिहून लाटेकमार्फत (पानांची मांडणी करणारी प्रणाली) पीडीएफ काढताना तक्त्यांचे आणि शीर्षकांचे दुवे कसे सांभाळावेत, असे तुम्ही विचारलेत. सुरुवातीलाच ऑर्ग-मोड निवडलेत, हे चांगले केलेत. दुव्यांचा बहुतेक त्रास दोन-तीन सवयींनी टळतो. 'तक्ता ३ पाहा' असा आकडा हाताने कधीही लिहू नका, कारण मध्येच एक तक्ता वाढला की पुढचे सगळे आकडे चुकतात. त्याऐवजी तक्त्याच्या अगदी वर, मध्ये कोरी ओळ न सोडता, 'नेम' (दुव्यासाठीचे नाव) आणि 'कॅप्शन' (तक्त्याचा मथळा) या दोन्ही ओळी द्या आणि मजकुरात दुहेरी चौकटी कंसांत फक्त ते नाव लिहा. नवशिक्यांची नेहमीची चूक इथेच होते: दुव्याला वर्णन जोडले, की पानावर क्रमांकाऐवजी ते वर्णनच उमटते. 'तक्ता' हा शब्द मात्र दुव्याआधी स्वतः लिहावा लागतो.

शीर्षकांना 'कस्टम आयडी' (तुम्ही ठरवलेली कायमची ओळख) द्या, म्हणजे शीर्षकाचे शब्द बदलले तरी दुवा टिकेल. निर्यातच (ऑर्ग-मोडमधून लाटेकमध्ये रूपांतर) अडली, तर आधी दुव्यातल्या नावाचे स्पेलिंग तपासा. पीडीएफमध्ये क्रमांकाच्या जागी दोन प्रश्नचिन्हे दिसली, तर घाबरू नका. लाटेक पहिल्या फेरीत क्रमांक साहाय्यक फाइलमध्ये नोंदवते आणि पुढच्या फेरीत वाचते, म्हणून पुन्हा एकदा कंपाइल करा, म्हणजे लाटेक परत चालवा. क्लेव्हरेफसारखी ('तक्ता' हा शब्दही आपोआप जोडणारी) लाटेकची पॅकेजेस तूर्त बाजूलाच ठेवा.