खान्देशात राहून व्हिक्टिमॉलॉजी शिकता येईल का?

तुम्ही विचारलंय: ‘मी चोपड्याची. मानसशास्त्रात बीए झालंय. गुन्ह्यात भरडल्या गेलेल्या बायका-मुलांसाठी काम करायचंय. व्हिक्टिमॉलॉजीचा कोर्स कुठे मिळेल? घर सोडून लांब जाणं जमणार नाही.’

मी धुळे-नंदुरबार पट्ट्यात समुपदेशनाचं काम करते, त्यावरून सांगते. व्हिक्टिमॉलॉजी म्हणजे पीडितशास्त्र, गुन्ह्यात भरडल्या गेलेल्या माणसांचा अभ्यास. या नावाची पाटी शोधत बसू नका. भारतात हा विषय रुजला तो मुख्यतः दक्षिणेत. मद्रास विद्यापीठाचा गुन्हेगारीशास्त्र विभाग जुना, आणि भारतीय पीडितशास्त्र संस्थाही १९९२ साली तिथूनच उभी राहिली. तुम्हाला तितकं लांब जायचं नाही, आणि खरं सांगायचं तर गरजही नाही. आपल्याकडे ‘व्हिक्टिमॉलॉजिस्ट’ अशी जागा निघत नाही. जागा निघतात सखी केंद्रात (हिंसा सोसलेल्या बायकांना एकाच जागी मदत देणारं सरकारी केंद्र), पोलीस ठाण्यातल्या महिला कक्षात, बाल संरक्षण कक्षात. तिथे एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, किंवा मानसशास्त्राची पदवी विचारतात. समाजकार्य महाविद्यालय तर तुमच्या चोपड्यातच आहे. एमएसडब्ल्यू करा आणि फिल्डवर्कला शक्यतो पोलीस किंवा कोर्टाशी जोडलेली जागा मागून घ्या. आधीच सांगते, बहुतेक पदं कंत्राटी आहेत, मानधनावर घर चालेलच असं नाही.

पण कॉलेजात जे नीट शिकवत नाहीत ते म्हणजे कागद. पीडित माणूस आपल्यासमोर रडतो तेव्हा त्याला धीर हवा असतोच, पण त्याच वेळी कुठला अर्ज कुठल्या टेबलावर द्यायचा हेही हवं असतं. बलात्कार, ॲसिड हल्ला अशा गुन्ह्यांतल्या पीडितांना अर्थसहाय्य देणारी मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे, आता ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून चालते. ॲट्रॉसिटीच्या केसमधली मदत मात्र समाजकल्याणकडून टप्प्याटप्प्याने येते. २०१५ च्या दुरुस्तीने त्या कायद्यात १५-अ कलम आलं, पीडित आणि साक्षीदारांच्या हक्कांचं. घरगुती हिंसाचारात संरक्षण अधिकाऱ्याकडे घटनेचा अहवाल भरावा लागतो. तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांच्या आत पीडिताला कळवायचं, असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्यात, लिहिलंय. हे तोंडपाठ असलेला कार्यकर्ता ठाण्यात वेगळ्याच आवाजात बोलतो.

पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या केसमध्ये बाल कल्याण समिती मुलासोबत एक सहाय्यक व्यक्ती देते, म्हणजे सपोर्ट पर्सन. माझ्या मते तुमच्यासाठी सगळ्यात जवळचं काम हेच. साक्षीच्या दिवशी मूल आरोपीच्या नजरेला पडू नये, मधे मधे विश्रांती मिळावी, ही सोय कायद्यातच आहे, पण ती मागायला कुणीतरी लागतं. कोर्टाच्या पडवीत बसलेली एक आई मला पुन्हा पुन्हा एवढंच विचारत होती, “ताई, नाव पेपरमा येई का?” तिला नुकसानभरपाईचं काही पडलेलं नव्हतं. नाव छापणं हा गुन्हा आहे, पोक्सोच्या २३ व्या कलमात तसं आहे, हे तिला शांतपणे, तिच्या बोलीत, तीन वेळा सांगावं लागलं. तेवढ्यात पुकारा झाला. १९९४ चं जळगावचं मुलींच्या लैंगिक शोषणाचं प्रकरण ज्यांना आठवतं त्यांना ही भीती समजावून सांगावी लागत नाही. तेव्हा बदनामीच्या धाकाने कितीतरी मुली पुढे आल्याच नाहीत.

भाषेचं मात्र मनावर घ्या. तुम्हाला अहिराणी येत असेलच, पावरी किंवा भिली या आदिवासी बोलीही येत असतील तर सोनंच. पोक्सोच्या २०२० च्या नियमांनुसार जिल्हा बाल संरक्षण कक्षाला दुभाषांची आणि सहाय्यक व्यक्तींची यादी ठेवावी लागते. धडगाव-अक्कलकुव्याकडे डाकीण ठरवून बाईला मारहाण होते, तेव्हा जबाब मराठीत लिहिला जातो आणि बाई पावरीत बोलत असते. मधलं बरंच गळून जातं. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा आहे, पण जबाबच अर्धा असेल तर सरकारी वकील तरी काय करणार?

एमएसडब्ल्यूचे प्रवेश सुरू होईपर्यंत विधी स्वयंसेवक व्हा. पॅरालीगल व्हॉलंटियर म्हटलं तरी कळतं. लोकांना कायद्याची मदत मिळवून द्यायला हात लावायचा. प्रशिक्षण विधी सेवा प्राधिकरणच देतं. चोपड्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे चौकशी करा, नाहीतर सरळ जळगावला जिल्हा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. पदवीचा कागद, आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो सोबत ठेवा, आणि पुढची निवड कधी आहे ते विचारून या.