पोर्टफोलिओ मुलीचा की एडिटरचा?

पत्र : मुलीची बारावी (विज्ञान) झाली, 82 टक्के आहेत. तिला क्रिएटिव्ह मीडिया प्रॉडक्शनची पदवी करायची आहे. आम्ही विरोध केलेला नाही, पण करायचंच तर दिग्दर्शन करावं, असं आमचं मत आहे. मैत्रिणींबरोबर केलेली तिची आठ मिनिटांची फिल्म फारच कच्ची वाटली, म्हणून पोर्टफोलिओसाठी ओळखीच्या एका व्यावसायिक एडिटरकडून ती नव्याने कापून घेतली. रंग आणि पार्श्वसंगीतही त्यानेच केलं. आता ती छान दिसते, पण मुलगी पाठवायला तयार नाही. म्हणते, मी तर त्यात माइक धरला होता. घरीही कॅमेऱ्याला हात लावत नाही. मैत्रिणीकडून आणलेल्या रेकॉर्डरवर लिफ्टचे, नळाचे आवाज गोळा करत बसते. अर्जाला पाच आठवडे उरलेत. तिला कसं समजवावं? चांगला कॅमेरा घेऊन दिला तर वळेल का? शिवाय विज्ञान शाखा वाया जाणार याची खंत आहेच. — एक आई

उत्तर : तिला समजवायला जाऊ नका. ती फिल्म पाठवायची नाही हा तिचा निर्णय बरोबर आहे आणि तुमचा चुकला आहे.

पोर्टफोलिओ पाहणारे शिक्षक वर्षाला शेकडो फिल्म्स बघतात. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीच्या फिल्मला व्यावसायिक हाताची कात्री आणि तयार रंगसंगती दिसली, की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : यात तुझं काय? बहुतेक अर्जांत प्रत्येक कामापुढे स्वतःची भूमिका लिहावी लागते. तिथे खरं लिहिलं तर एडिटरचं काम तिच्या अर्जात कशाला, असा प्रश्न येतो आणि खोटं लिहिलं तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो. मुलाखतीत ‘हा शॉट इथेच का तोडला?’ एवढं विचारलं तरी तिच्याकडे उत्तर नसेल, कारण तो तिने तोडलेलाच नाही. कच्चेपणाला हे लोक घाबरत नाहीत. पहिल्या वर्षाला येणारं पोर कच्चंच असणार, हे त्यांना ठाऊक असतं. काय ऐकू आलं, काय दिसलं, त्यातून काय निवडलं आणि फसलं तेव्हा काय केलं, हे त्यांना बघायचं असतं. तुम्ही नेमकं तेच पुसून टाकलंत.

मला याहून जास्त काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. तुझं काम लोकांसमोर ठेवण्याजोगं नाही, हे तुम्ही तिला न बोलता सांगितलंत, आणि तेही अर्ज भरायच्या तोंडावर. हे गुणांपेक्षा जड जातं. सर्जनशील क्षेत्रात पहिली तीन-चार वर्षं स्वतःचं वाईट काम सहन करत पुढचं करावं लागतं. ते सहन करायची सवय घरातच मोडली, तर विद्यापीठ काही करू शकत नाही. तिच्याशी याबद्दल एकदा मोकळेपणाने बोला आणि एडिटरची आवृत्ती बाजूला ठेवा.

आता दिग्दर्शनाचं. या पदवीत दिग्दर्शक म्हणून कुणाला आत घेत नाहीत. पहिल्या वर्षी बहुतेक ठिकाणी सगळ्यांना सगळ्या भूमिका फिरवून देतात : पटकथा, निर्मिती नियोजन, कॅमेरा, प्रकाश, ध्वनी, संकलन. बाहेर पडल्यावरही दिग्दर्शक ही सुरुवातीची नोकरी नसते. सुरुवात होते ती सहायक संकलक, बूम ऑपरेटर (लांब काठीवर माइक धरणारा), निर्मिती सहायक किंवा चित्रीकरणाचा डेटा सांभाळणारा म्हणून. विद्यार्थ्यांच्या कुठल्याही गटात दिग्दर्शन आणि कॅमेरा करायला झुंबड असते आणि माइक कुणी धरायचा यावर सगळे एकमेकांकडे बघतात. जिला ते काम खरंच येतं, तिला दुसऱ्या गटातूनही बोलावणं येतं. म्हणजे तीन वर्षांत इतरांच्या दुप्पट फिल्म्सवर तिचं नाव लागू शकतं.

‘आवाज काय, नंतर कॉम्प्युटरवर साफ करता येतो’ हा समज तुमच्याच नाही, निम्म्या विद्यार्थ्यांच्याही डोक्यात असतो, म्हणून त्यावर जरा थांबते. मोकळ्या जागेत माइक तोंडापासून दुप्पट लांब नेला, की थेट पोचणारा आवाज सुमारे 6 डेसिबलने घटतो. खोलीतला घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे अर्ध्या मीटरवरचा माइक दोन मीटरवर नेला, तर संवाद 12 डेसिबल खाली जातो आणि भिंतींवरून परतणारा आवाज तसाच उरतो. पुढे मिक्स करताना, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवताना, संवाद वाढवला, की घुमाराही वाढतो. गोंगाट कमी करणारी साधनं हल्ली चांगली झाली आहेत, पण जास्त ओढली की ‘स’, ‘फ’, ‘त’ ही व्यंजनं खातात आणि माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटतं. रेकॉर्डरची पातळी शून्याला, म्हणजे त्याच्या वरच्या मर्यादेला, टेकून आवाज फाटला, तर लाटेचा कापलेला माथा परत येत नाही. 32-बिट फ्लोट रेकॉर्डरवर (तो या शून्याच्या वरचा आवाजही साठवतो) फाटलेला आवाज बराच सावरता येतो, पण दूर ठेवलेला माइक त्यानेही जवळ येत नाही. हलणारं चित्र प्रेक्षक शैली म्हणून खपवून घेतो. संवाद कळला नाही, की उठून जातो. तुमची मुलगी उभी असते ती या जागेवर.

विज्ञान वाया जाण्याची खंत तर सोडाच. ध्वनी हा भौतिकशास्त्राचाच धडा आहे. सेकंदाला 25 फ्रेमच्या फिल्ममध्ये एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची असते आणि तेवढ्या वेळात आवाज हवेतून साधारण 14 मीटर जातो. त्यामुळे लांबवर ठेवलेल्या माइकचा आवाज ओठांच्या मागे का पडतो, हे तिला गणित करून सांगता येईल. 44.1 किलोहर्ट्झवर (सेकंदाला 44,100 वेळा आवाज मोजून) घेतलेली फाइल 48 ची समजून वाजवली, तर ती सुमारे 9 टक्के जास्त वेगाने आणि वरच्या पट्टीत का वाजते, हेही. कला शाखेतून येणाऱ्यांना हे पहिल्या वर्षी शिकावं लागतं, हिचा पाया तयार आहे.

कॅमेरा घेऊ नका. कॅमेरे विद्यापीठाच्या भांडारातून मिळतात आणि घरी आणलेला कॅमेरा दोन वर्षांत मागे पडतो. खर्च करायचाच असेल, तर दोन चॅनेलचा रेकॉर्डर, कान पूर्ण झाकणारे क्लोज्ड-बॅक हेडफोन, एक माइक, बूमची काठी आणि वाऱ्यासाठी केसाळ आवरण घ्या. माइक निवडताना सगळे शॉटगन, म्हणजे समोरचा आवाज टिपणारा लांबट माइक, घेतात. बाहेर तो ठीक चालतो, पण लहान खोलीत भिंतींवरून येणारे आवाज तो विचित्र करून टिपतो. खोलीत हायपरकार्डिऑइड (तोही समोरचाच आवाज टिपणारा, पण आखूड माइक) जास्त स्वच्छ ऐकू येतो. निवड मात्र तिला करू द्या.

पाच आठवडे पुरेसे आहेत. आठ मिनिटांच्या फिल्ममधला दोन मिनिटांचा एकच प्रसंग निवडायचा आणि त्याचा सगळा आवाज तिने नव्याने उभा करायचा. संवाद मूळ रेकॉर्डिंगचे. जे वाक्य कळत नाही ते त्याच मैत्रिणीकडून, शक्यतो त्याच खोलीत, माइक 30 ते 50 सेंटिमीटरवर धरून पुन्हा बोलवून घ्यायचं. रेकॉर्डिंग 48 किलोहर्ट्झ, 24 बिट. संवादाची शिखरं उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवायची. 24 बिटमध्ये थोडा खालचा आवाज नुकसान करत नाही, वरचा करतो. प्रत्येक जागेचा मिनिटभर रूम टोन, म्हणजे त्या जागेचा शांततेतला आवाज, घ्यायचा : सगळे स्तब्ध उभे, पंखा-फ्रिज चित्रीकरणाच्या वेळी जसे होते तसेच. नवशिके हाच विसरतात, आणि मग दोन वाक्यांमधल्या जोडात आवाजाला भोकं पडतात. पावलं, कपड्यांची सळसळ, दाराची कडी हे फॉली, म्हणजे चित्र बघून नंतर मुद्दाम केलेले आवाज, वेगळ्या ट्रॅकवर. मिक्स हेडफोनवर करावा, पण शेवटी लॅपटॉपच्या बारक्या स्पीकरवर ऐकावा, कारण निवड समितीतले काही जण तिथेच ऐकणार. प्रसारणासाठी लाउडनेसचे दंडक असतात, युरोपात उणे 23 एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचं एकक), अमेरिकेत उणे 24. पोर्टफोलिओला एवढा काटा लावायची गरज नाही, पण तिने ते मोजून टिपणात लिहिलं तर वाचणारा थबकेल.

मूळ प्रसंग आणि नवा प्रसंग असे दोन्ही पाठवायचे, सोबत एक पानाचं टिपण : काय ऐकू येत नव्हतं, काय केलं, काय अजूनही जमलेलं नाही. शिवाय लिफ्टच्या आणि नळाच्या त्या आवाजांतून चित्राशिवाय दोन-तीन मिनिटांची एक ध्वनिकथा करावी. तुम्हाला ज्याची चीड येते, ते तिच्या अर्जातलं सगळ्यात वेगळं पान ठरेल असं मला वाटतं.

लेखी प्रवेश परीक्षा असेल तिथे मागच्या वर्षांचे प्रश्न सोडवावेत, त्यात गूढ काही नाही. विद्यापीठ निवडताना माहितीपुस्तिकेतला स्टुडिओचा फोटो पाहू नका, प्रश्न विचारा. एका ध्वनिसंचामागे किती विद्यार्थी आणि तो किती दिवसांसाठी घरी नेता येतो? मिक्सिंगची खोली रात्री उघडी असते का? शिकवणाऱ्यांपैकी किती जण सध्या चित्रीकरणावर काम करतात? दुसऱ्या वर्षापासून ध्वनीचे स्वतंत्र विषय आहेत, की शेवटपर्यंत सगळ्याची थोडी थोडी चव? या पदवीचा मोठा धोका हा आहे : सगळं करता येतं आणि कशातच खोल हात नसतो. तिचा कल आत्ताच इतका स्पष्ट आहे, तेव्हा ध्वनिअभियांत्रिकी किंवा साउंड डिझाइन असं नाव असलेल्या अभ्यासक्रमांनाही अर्ज करावा. माझं मत विचाराल तर तिथेच पहिली पसंती द्यावी.

कामाचं स्वरूप मात्र आधीच समजून घ्या. बरंचसं काम प्रकल्पापुरतं असतं, दोन कामांच्या मध्ये रिकामे आठवडे जातात. करार वाचणं, बिल वेळेत पाठवणं आणि त्याचा पाठपुरावा करणं हे तिला कॅमेऱ्याच्या लेन्सपेक्षा जास्त उपयोगी पडेल, आणि ते बहुतेक अभ्यासक्रमांत नीट शिकवत नाहीत.

तुमच्याकडून या आठवड्यात एकच काम हवं. त्या एडिटरकडून मूळ सामान परत मागून घ्या : सगळ्या कच्च्या क्लिप्स, रेकॉर्डरच्या वेगळ्या ध्वनिफाइल्स आणि संगीत न घातलेले संवादांचे ट्रॅक. तयार फिल्मची एकच फाइल हातात असेल, तर संवाद आणि संगीत एकत्र चिकटलेले असतात, ते पुन्हा स्वच्छ वेगळे होत नाहीत आणि वर सांगितलेलं काम तिला सुरूच करता येणार नाही. त्याने हार्ड डिस्क रिकामी करायच्या आत फोन करा.